मशिनीच्या वहाणा

घट बसले की आमच्या भागात वाऱ्याला भाताचा वास येऊ लागतो. पिकलेल्या भाताचा वास वेगळा, तो दसरा उलटल्यावर येतो. हा त्याच्या आधीचा, हिरवट आणि जरासा दुधाळ. कोडोली मागे टाकून आमच्या गावाकडं वळलं की रस्त्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला उतरत गेलेली भातखाचरं लागतात, तिथं तो सगळ्यात जास्त येतो. माझं माहेर शहरातल्या मंगळवार पेठेतलं. तिथं ऋतू बदललेला कळायचा तो दुकानांच्या दारात काय मांडलंय यावरून. पतंग आले, राख्या आल्या, आकाशकंदील आले. वासावरून महिना ओळखायला मी लग्नानंतर शिकले, आणि आता नाकाला त्याची सवयच झाली आहे.

वास आला की पाठोपाठ माझा फोन वाजतो. "पावणं, मशिन कवा लावताय?" पलीकडून बाईचा आवाज आला की माणूस गडबडतो, मग म्हणतो, "मालक न्हाईत व्हय?" मी सांगते, मशिन मालकांची असली तरी तारीख माझ्याकडं मिळते. कोणाचं भात आधी पिवळं पडलं, कोणाच्या रानात अजून पाणी आहे, कुठली वाट ट्रकला जाते, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. विलास, म्हणजे माझा नवरा, मशिन चालवतो आणि मी त्याला चालवते, असं गावात म्हणतात. त्यात फार खोटं नाही.

यंदा मात्र फोन घेताना माझं अर्धं लक्ष पुढच्या सोप्याकडं असतं. सोप्यात आबा बसलेले असतात. आबा म्हणजे माझे सासरे. खंडेनवमीला ते पूजेला मशिनीच्या शेडात येणार का, हा एकच प्रश्न सध्या आमच्या घरात आहे, आणि तो कोणीही मोठ्यानं विचारत नाही. गेल्या सुगीत जे झालं त्यानंतर, म्हणजे भाताची कापणी ऐन रंगात होती तेव्हापासून, ते शेडाची पायरी चढलेले नाहीत.

आमची मशिन म्हणजे भात कापून, मळून, दाणा वेगळा करून देणारं हार्वेस्टर. तिला चाकं नाहीत. आमच्या खाचरात कापणीच्या वेळेलाही घोट्याएवढा चिखल असतो आणि चाक त्यात बसलं की उठत नाही. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी रुंद, काळे रबरी पट्टे. रबराच्या पोटात पोलादी तारा, बाहेरून चिखलात पाय रोवायला जाड ठोकळे. सगळं वजन या दोन पट्ट्यांवर पसरतं आणि एवढी अवजड मशिन चिखलावरून निवांत निघून जाते. ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा सगळे जण तिचं इंजिन, तिचा लाल रंग, तिची वरची खुर्ची बघत होते. आबा एकटे तिच्याभोवती फिरून खाली वाकले. अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला आणि म्हणाले, "हिच्या वहाणा चांगल्या हायत." तेव्हापासून आमच्या घरात त्या पट्ट्यांना वहाणाच म्हणतात.

वहाणांबद्दल बोलायचा आबांना अधिकार आहे. त्यांच्या पायातल्या वहाणा म्हणजे जाड तळाच्या, भारी, चालताना दमदार करकरणाऱ्या. आबा कुठं आहेत हे घरात आवाजावरून कळायचं. दर रविवारी गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीतली तेलाची वाटी खाली यायची आणि आबा पायरीवर बसून वहाणांना तेल चोळायचे. घाई नसायची. आधी तळ, मग कड, मग अंगठ्याची जागा. बैलांच्या गळ्यातले पट्टे, चाबकाची वादी, सगळ्यांना आठवड्याच्या आठवड्याला तेल. तेल मिळालं नाही की चामडं रुसतं आणि मग तडकतं, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. मशिन आली त्याच वर्षी बैल गेले. त्या वर्षी बेंदराला आबांनी मातीचे बैल पाटावर मांडून पुजले, आणि दुपारभर गोठ्यात रिकाम्या दाव्यांपाशी बसून राहिले. मला ते बघवलं नाही. मी चहा ठेवून परत आले.

त्या सुगीपासून ते संध्याकाळी शेडात जायला लागले. मशिन रानातून आली की फडकं घ्यायचं, इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डब्यात साठवून ठेवलेलं असायचं त्यात बुडवायचं, आणि पट्ट्यांना चोळायचं. मशिनीला मशिनीचंच तेल, असा त्यांचा साधा हिशेब. आधी कड, मग ठोकळे, मग आतली बाजू. मी चहा घेऊन गेले की ते मशिनीशी बोलताना सापडायचे. "लई राबलीस व्हय आज? ऊठ, फिर जरा, ह्या अंगाचं ऱ्हायलंय." विलास एवढासा पुढं घ्यायचा, ते उरलेला भाग चोळायचे. बैल गेल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं, ते मिळालं होतं. मला खरंच बरं वाटायचं. पट्टे तर असे काळेभोर चमकायचे की येणारा-जाणारा विचारायचा, "आबा, नवी घेतलासा काय?" आबा मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "न्हाय. राखलीया." विलासला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर रबरातलं काय कळणार होतं?

गेल्या सुगीचं मला सगळ्यात काय आठवतं असं विचारलं तर भाताचं कूस, म्हणजे कुसळांची बारीक भुकटी, आठवतं. ते मानेला, कोपराच्या घडीला चिकटतं आणि आंघोळ केली तरी खाजत राहतं. भाकरीला भाताच्या धुळीची चव येते. लांबून मशिनीचा आवाज येतो आणि तो कुठल्या शिवारातून येतोय हे ऐकून मी तिकडं जेवण पाठवते. मशिनीमागं बगळ्यांची रांग चालते, कोणी बोलावल्यासारखी. आणि दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडं, पन्हाळ्याच्या अंगाला, ढग यायला लागतात. गेल्या साली परतीचा पाऊस लांबला होता. दिवाळी झाली तरी तो जायचं नाव घेत नव्हता. ज्याचं त्याचं भात आडवं पडलेलं, आणि सगळ्यांना मशिन उद्याच हवी होती.

ओढ्याकाठच्या ताराक्काचं खाचर सगळ्यात खोलगट. ताराक्का एकटी राहते आणि तिचं तोंड कुणाला आवरत नाही. तिचं भात आडवं होऊन पाण्याला टेकलं होतं. असं भात चार दिवस राहिलं तर लोंबीतच त्याला मोड येतात. ती रोज दारात येऊन मला सुनवायची, "माझं भात आडवं पडून उगवाय लागलंय, आनि तुमी कोडोलीवाल्यांची कापताय व्हय? मी काय मशिनीकडं बगून प्वाट भरू?" शेवटी मी आधीच्या दोघांची नाराजी घेऊन तिचा नंबर वर घेतला. मशिन तिच्या खाचरात उतरली. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. बांधाच्या कोपऱ्याला विलासनं वळण घेतलं आणि पट्टा तुटला. मशिन पुढं सरकली आणि डाव्या अंगाची वहाण मागं चिखलात पसरून राहिली. त्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी बांधत होते. मी निघाले, तसे आबाही पायात वहाणा घालून माझ्या पुढं निघाले.

मिस्त्री इचलकरंजीहून आला. आयुष्याची निम्मी वर्षं त्यानं यंत्रमागाच्या शेडात काढलेली, त्यामुळं समोरच्या माणसाशीही तो खटखटाटाच्या वरून बोलल्यासारखा ओरडून बोलतो. तो चिखलात गुडघ्यावर बसला, पट्ट्याचा एक ठोकळा चिमटीत धरून ओढला, आणि तो ठोकळा उन्हात मऊ पडलेल्या गुळासारखा त्याच्या हातात आला. आतल्या तारा गंजून उघड्या पडल्या होत्या. मिस्त्रीनं बोटं नाकाशी नेली.

"ह्याला ऑइल कोण लावतंय?"

"मी की," आबा पुढं होऊन म्हणाले. "रोज लावतोय. एक दिस चुकवला न्हाय."

काय तो आवाज होता! कौतुक होणार म्हणून पुढं झालेल्या माणसाचा. मला आजही तो आठवला की कसंतरी होतं.

मिस्त्री हसला. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पण हसला, आणि तेही त्याच्या त्या ओरडत्या गळ्यातून. "अवो आबा, रबराला ऑइल म्हंजे ईख हाय, ईख! चामडं न्हवं ह्ये. ऑइलनं रबर फुगतंय, सडतंय, मग पाणी आत शिरून तारा खातंय. रोज ईख पाजलासा की बिचारीला!" बांधावर उभे असलेले गडी हसले. ताराक्काही हसली. विलास हसला नाही. तो चिडला होता, मशिन बंद, फोनवर फोन, वर ढग. तो म्हणाला, "आबा, तुम्हाला कुणी सांगितलंवतं हे कराय?"

आबांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची घडी घातली, कोपरीच्या खिशात ठेवली आणि ते बांधाबांधानं घराकडं चालू लागले. मी त्यांच्यामागं जायला हवं होतं की तिथं थांबायला, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात मिस्त्रीनं मला चहाचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी टेंपोतून नवे पट्टे आले, दोन्ही बाजूंचे. एका पायात नवी आणि एका पायात जुनी घालून मशिन नीट चालत नाही, वाकडी ओढते. तो सगळा सोहळा मी बांधावरून बघितला. चिखलात आधी जाड फळ्या घातल्या, नाहीतर जॅकच खाली गेला असता. मशिन उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवली. पट्टा ताणून धरायला आत ग्रीस भरलेलं असतं. मिस्त्रीनं त्याची झडप जपून सैल केली, तसं ग्रीस जाडसर वळून बाहेर आलं आणि पुढचं चाक हळूच मागं सरलं. सगळे बाजूला उभे होते, कारण ते ग्रीस दाबानं अंगावर आलं तर माणूस जखमी होतो. मग पहारीनं उजवीकडचा जुना पट्टा उतरवला. नवा पट्टा आधी मागच्या दातेरी चाकावर चढवला, दाते बरोबर भोकात बसल्याची खात्री केली, मग चौघांनी मिळून पुढच्या चाकावर. शेवटी ग्रीसगननं पुन्हा ग्रीस भरत गेले आणि पट्टा हळूहळू ताणला गेला. फार ताणायचा नाही, मधे जरा झोळ हवा. झोळ जास्त झाला तर वळणावर पट्टा उतरतो, कमी झाला तर घासून लवकर जातो.

"आता ह्याला फकस्त पाणी," मिस्त्रीनं जाताना सांगितलं. "रोज चिखल धुवायचा, अडकलेलं दगड काढायचं, सावलीत हुबी करायची. डांबरावर चालवायची न्हाय, ट्रकवरनंच न्यायची. जुन्या पट्ट्याची कड बगितली काय? डांबरानं पण खाल्लंय तिला." विलास त्या वेळी दुसरीकडं बघत होता. ट्रकची वाट न बघता त्यानं मशिन कितीदा तरी रस्त्यावरूनच पलीकडच्या वाडीत नेली होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पण डांबराचा वास येत नाही, ऑइलचा येतो. सगळा दोष त्या वासावर गेला.

मशिन सुरू करायच्या वेळी ताराक्कानं इकडंतिकडं बघितलं. "म्हातारं कुठं हाय? त्यांच्याबिगर नारळ कोन फोडनार?" काल हसलेली तीच. नारळ विलासनं फोडला. तिचं भात संध्याकाळपर्यंत घरात आलं, आणि ते वाचल्याचा आनंद मला जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

त्यानंतर आबा शेडाकडं गेले नाहीत. रुसले असं म्हणता येणार नाही. जेवत होते, बोलत होते, म्हशीचं बघत होते. विलासनं जुन्या पट्ट्याचा एक तुकडा कापून गोठ्याच्या उंबऱ्याशी टाकला, म्हशीचा पाय घसरू नये म्हणून. आबा त्याच्यावर पाय ठेवत नसत. रोज सकाळी मोठी ढांग टाकून तो ओलांडायचे.

थंडीत माझ्या लक्षात आलं की घरातला एक आवाज बदलला आहे. आबांच्या वहाणा करकरत नव्हत्या, कोरड्या खरडत होत्या. बघितलं तर कडा पांढऱ्या पडलेल्या, अंगठ्याशी चीर. देवळीतल्या वाटीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्यांनी तेल लावणंच सोडलं होतं, स्वतःच्या वहाणांनासुद्धा. मी म्हटलं, "आबा, द्या इकडं, मी लावते तेल." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझा हात वाईट हाय." मला रडू आलं. आत जाऊन मी पिठाचा डबा उगाच उघडला आणि बंद केला.

मग एकदा न राहवून मी त्यांना डांबराचं सांगितलं. मशिन रस्त्यावरून नेली ती कोणी, कितीदा, सगळं. आपल्याच नवऱ्याची चुगली करत होते, पण इलाज नव्हता. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्त्याचं त्येचं त्यो बगंल. त्याल माझ्या हातचं हुतं."

उन्हाळ्यात नाचणीएवढंही काम नसतं मशिनीला, ती फळ्यांवर उभी असते, पट्ट्यांवर गोणपाट टाकून. पावसाच्या तोंडाला विलास तिला आठवड्यातून एकदा सुरू करून अंगणात पुढंमागं फिरवतो. एका संध्याकाळी जेवताना आबा ताटाकडं बघूनच मला म्हणाले, "डाव्या अंगाचा पट्टा ढिला वाजतोय." मी विलासला सांगितलं. तो जेवण टाकून टॉर्च घेऊन गेला, परत आला. "व्हय. झोळ वाढलाय. आबांनी सांगितलं?" मी मान हलवली. त्यानं सकाळी उठून ग्रीस भरलं, पण सोप्यात जाऊन बापाशी एक शब्द बोलला नाही. या घरातल्या पुरुषांना बोलायला शिकवायचं काम मला जमलेलं नाही.

अखेर यंदाची खंडेनवमी उजाडली. विलासनं सकाळीच मशिन धुऊन, झेंडूची माळ घालून ठेवली होती. खाली पोत्यावर विळे, कुऱ्हाड, खुरपी, जुन्या नांगराचा फाळ मांडला होता. आबांनी तो फाळ विकू दिलेला नाही. ताट करायचं काम माझं. हळद, कुंकू, नारळ, झेंडू, आणि हत्यारांना लावायला तेलाची वाटी. हातांनी सवयीनं सगळं मांडलं. शेडात नेऊन ठेवल्यावर माझं मला दिसलं की वाटी अगदी पट्ट्याच्या पुढ्यात आली आहे. विलासनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी ती उचलणार तोच अंगणातून खरड-खरड आवाज आला.

आबा आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी शेडाच्या दारात वहाणा काढल्या, आत आले आणि वाटी उचलली. विळ्यांना तेलाचं बोट लावलं, कुऱ्हाडीला लावलं. फाळाला जरा जास्तच लावलं. मग वाटी हातात घेऊनच मशिनीपुढं उभे राहिले. विलास म्हणाला, "आबा..."

आबांनी वाटी माझ्यापुढं केली. "धर. आनि बादलीभर पाणी आण."

धुतलेला पट्टा त्यांनी पुन्हा धुतला. तांब्यानं पाणी घालत, तळहातानं, आधी कड, मग ठोकळे, मग आतली बाजू. दोन ठोकळ्यांच्या मधे विलासच्या नजरेतून सुटलेला एक खडा होता, तो काडीनं काढून बाहेर टाकला. खांद्यावरच्या पंच्यानं पट्टा कोरडा पुसला, वर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि नारळ फोडला. कुंकवाचं बोट मात्र पत्र्याला लावलं, रबराला नाही.

विलास खाली मान घालून म्हणाला, "सांजच्याला मशिन आली की धुवायचं तेवढं तुमी बगा आबा. माझ्यानं न्हाय हुईत. आनि रस्त्यावरनं न्हाय न्यायचो मी आता."

आबांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते बाहेर गेले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, ती वाटी आण." मी नेऊन दिली. त्यांनी एक वहाण मांडीवर घेतली, बोट बुडवलं आणि अंगठ्याशी पडलेल्या चिरेत तेल चोळायला लागले. बराच वेळ चोळत होते. "ह्यास्नी लागतंय," ते म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे.

मग मान वर न करता विलासला म्हणाले, "आनि पाण्याची पाइप जरा लांब आण. वरीसभर बगतोय मी, त्या पल्याडच्या टोकाला पोचत न्हाय ती."